सोळा पखालींचा हौद

वैशाखातला दुसरा रविवार. रक्कम चार रुपये, निजामाचे हाली. हजर सभासद एकोणचाळीस. त्यांत मराठी सतरा, तेलुगू तेरा, मद्रासी आठ आणि तारघरातले बाबू एक. ठराव असा की प्रार्थनामंदिराच्या मागचा हौद महबूब भिश्त्याकडून सोळा पखाली पाणी आणवून भरावा, दर पखालीला चार आणे द्यावेत, आणि पुढच्या रविवारी त्यात एका बाईचा बाप्तिस्मा व्हावा. बाजूने सगळे हात. ती बाई म्हणजे माझी माय. ती त्या सभेत होती, पण हजेरीत धरलेली नव्हती, कारण ती सभासद नव्हती. दाराजवळच्या सतरंजीवर, लहान लेकरांच्या मागे, ती अकरा वर्षं बसत आली होती.

हा ठराव वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, ख्रिस्ती मंडळीच्या शाळेत धाकट्या वर्गाला अंक शिकवायची, आणि अक्षर बरं म्हणून सभेची वहीही माझ्याकडेच असे. आज माझी पन्नाशी उलटली आहे. घरातलं मीठ-मिरची, लग्नकार्यं, नातवंडांची वजनं, सगळं मी अजून लिहून ठेवते. पण त्या दिवसांकडे वळले की आकडे मला धरून ठेवत नाहीत. ते पाण्यातल्या खड्यांसारखे खाली दिसतात, आणि वरून दुसरंच काही हलत असतं.

मोमीनाबादला तेव्हा घोडदळाची छावणी होती. मंडळी सुरू झाली ती घोड्यांमुळे, असं बा म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. साहेबांच्या खानसाम्यांची कुटुंबं मद्रासेकडून आलेली, घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार तेलंगणातले. त्यांतली सात माणसं एका रविवारी मेसच्या मागच्या लिंबाखाली प्रार्थनेला बसली. चौघांना तमिळ येत होतं, तिघांना तेलुगू. एकमेकांचं कळेना म्हणून त्यांनी बाजारातल्या दखनीत देवाशी बोलायला सुरुवात केली. मग राजय्या पाळक आले, वरंगळकडचे, उंच आणि हळू बोलणारे. मग बा आला. आम्ही मांगवाड्यातले, मूळचे घाटनांदूरकडचे. बा दोर वळायचा; घोड्यांची दावी, मोरख्या, लगामाचे दोर तोच पुरवायचा. माल पोचवायला गेला असताना त्यानं भिंतीआडून गाणं ऐकलं. तीन रविवार भिंतीआडूनच ऐकलं. चौथ्या रविवारी हलगी घेऊन गेला आणि काही न विचारता साथ धरली. त्याच्या मागून चुलते आले, सिरसाळ्याचे पाहुणे आले. सातांचे एकोणचाळीस व्हायला अठरा वर्षं लागली.

त्या गाण्याचा आवाज मला अजून झोपेच्या काठावर ऐकू येतो. चाल एकच, शब्द तीन भाषांतले, आणि सगळे एकाच वेळी गायचे. कुणी कुणासाठी थांबत नसे. तेलुगू शब्द लांब, म्हणून प्रत्येक कडव्याच्या शेवटी आम्ही आणि मद्रासी गप्प होत असू आणि तेलुगू बायांचा एक सूर मागे उरायचा, धान्य पाखडल्यावर सुपात शेवटची सरसर उरते तसा. तारबाबू पेटीवर तेवढ्यापुरता भाता धरून ठेवत. बाची हलगी एकदा हलकेच टण् वाजे आणि मग पुढचं कडवं. मला कित्येक वर्षं वाटायचं की सगळ्या जगात गाणं असंच संपतं, थोडं पुढंमागं.

आमचं घर मंदिराच्या कुसाला लागून होतं. दोन खण, पुढे अंगण, अंगणात दोर वळायचा खुंटा. दिवसभर अंबाडीचा वास आणि चरकाची करकर. पहाटे माय जात्यावर बसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती नेहमीपेक्षा लवकर उठायची, चूल सारवायची, परात राखेनं तीनदा घासायची आणि प्रभुभोजनाची भाकरी करायची. पातळ, मोठी, ज्वारीची. पीठ इतकं मळायची की कडेला एक चीर पडत नसे. भाकरी तव्यावरून काढून पांढऱ्या फडक्यात गुंडाळली की ती दोन्ही हातांवर घेऊन माय मंदिरात न्यायची, आणि मेजावर ठेवून मागे सतरंजीवर येऊन बसायची. भाकरीचे तुकडे होऊन ताटातून सगळ्यांपुढून फिरत. तिच्यापुढून फिरत नसत.

हे काम तिच्याकडे कसं आलं तेही सांगायला हवं. आधी भाकरीऐवजी पाव असे, आणि तो अरुळप्पा बटलर मेसच्या भट्टीत करून आणी. अरुळप्पा म्हणजे मंडळीचे डीकन, ताट फिरवणारे, मद्रासेकडचे, गोल, काटेकोर, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावणारे. एकदा राजय्या पाळकांना कळलं की पाव फुगायला त्यात ताडी घालतात. त्यांनी तो पाव पुन्हा मेजावर ठेवू दिला नाही. अरुळप्पा रागावले, "भट्टी में जल जाती साब, ताडी रहती कहाँ?" पण मत घेतलं तेव्हा ते एकटे पडले. मग कुणीतरी मायचं नाव घेतलं. पहिल्या महिन्यात आठ जणांनी मांगाच्या घरची भाकरी म्हणून ताट नुसतं पुढे सरकवलं. ख्रिस्ती झालेली माणसंच ती. तिसऱ्या महिन्यात दोन उरले. सहाव्यात कुणीच नाही. मी मोजत असे.

माय सभासद नव्हती त्याचं कारण पाणी. आमच्या मंडळीत लेकरांच्या डोक्यावर पाणी शिंपडून काम भागत नाही. जाणत्या माणसानं स्वतः उभं राहून साक्ष द्यायची, मग पाळक त्याला उताणं धरून पाण्याखाली नेतात, मेलेल्याला पुरतात तसं, आणि वर काढतात. अंगाचा कण कोरडा राहू नये. त्यानंतरच मेजावरचा तुकडा. मायची धाकटी बहीण लहानपणी नदीच्या डोहात बुडून गेली होती, मायच्या डोळ्यांदेखत. आमच्या लोकांना विहिरीवर जाता येत नसे, म्हणून या दोघी डोहावर गेलेल्या. तेव्हापासून माय तोंडावर पाण्याची ओंजळ मारून घेत नसे. ओल्या फडक्यानं तोंड पुसायची. हौदाचं झाकण काढलेलं असलं की वळसा घालून जायची. राजय्या पाळक दर साली विचारायचे, "लक्ष्मीबाई, ई साल?" आणि ती म्हणायची, "म्होरल्या साली बगू."

मग माझा बाप्तिस्मा झाला. पुढच्या पहिल्या रविवारी मी रांगेत शेवटी बसले होते. ताट माझ्याकडे आलं, मी तुकडा घेतला, आणि ताट परत द्यायला वळले तर मागे सतरंजीवर माय. माझ्या हातातलं ताट तिच्या तोंडासमोरून गेलं. ती भाकरीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी भाजी निवडताना ती एकदम म्हणाली, "रूथ, मी उतरते आता."

"कशात?"

"हौदात गं. आन् कशात?"

घाई करण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. छावणी मोडणार अशी बातमी पक्की झाली होती. रिसाला दूर दुसऱ्या ठिकाणी हलणार, त्याबरोबर मोतद्दार, खानसामे आणि त्यांची कुटुंबं. तेलुगू तेरांतले अकरा जाणार, मद्रासी आठही. निघायचा दिवस मंगळवार, म्हणजे ठरावानंतरच्या रविवारनंतर दोनच दिवसांनी. पाळकांनी त्या रविवारी सगळ्यांचं मिळून शेवटचं प्रभुभोजन ठेवलं. माय म्हणाली, "अकरा वर्सं या मान्सांना खाऊ घातलं. एकदा त्यांच्यात बसून खाते. ती गेल्यावर मग कुणासंगं खाऊ?" पावसाळ्यात हौद फुकट भरला असता. पण पावसाळ्यात ती माणसं नसती.

आणि त्या साली पाणी नव्हतं. दोन वर्षं पावसानं नीट तोंड दाखवलं नव्हतं. नदीत वाळू, वाळूत झरे, झऱ्यांपाशी रांगा. महबूब भिश्ती पाव कोसावरून पाणी आणायचा. त्याचा रेडा, रेड्याच्या दोन्ही अंगांना लोंबणारी चामड्याची पखाल, मागून थेंबांची रेघ, आणि त्या रेघेवर चिमण्या. हौद आठ फूट लांब, चार फूट रुंद. मी हिशोब करून सांगितलं होतं की सोळा पखालींत कमरेइतकं पाणी होईल. शनिवारी दिवसभर मी पायरीवर बसून पखाली मोजल्या. पाणी पडताना हौदाच्या कोरड्या चुन्यातून वाफेसारखा वास यायचा. दुपारी माय दारात उभी राहून लांबूनच विचारायची, "किती झाल्या?" मी सांगायची, "नऊ." ती आत जायची. पुन्हा यायची. चौदाव्या पखालीनंतर महबूबचाचा रेड्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बस बेटा. झरा बैठ गया. अब निकलेगा तो कल नहीं, परसों." पाणी माझ्या मांडीच्या वर येत होतं. पाळक म्हणाले पुरेल.

रविवारी सकाळी माय पांढरं लुगडं नेसून अंगणात उभी होती. केस विंचरलेले, कपाळ मोकळं, हात गार. मी तिचा हात धरला होता. तेवढ्यात मंदिराच्या मागून आरडाओरडा ऐकू आला आणि मडकं फुटल्याचा आवाज.

घाटनांदूरच्या सडकेनं आलेली काही माणसं चार दिवसांपासून छावणीबाहेरच्या लिंबाखाली उतरली होती. कुणबी माणसं, बायका, लेकरं, खपाटीला गेलेली गुरं. चारापाणी कुठं मिळेल तिकडं निघालेली. आमच्याकडे हौद भरलाय हे त्यांना महबूबच्या थेंबांवरून कळलं असणार. कुसाच्या फटीतून दहाबारा बाया आत आल्या होत्या. अरुळप्पा काठी घेऊन हौदापुढे आडवे उभे राहिले, एका बाईला त्यांनी मागे लोटलं, आणि तिच्या डोक्यावरचं मडकं पायरीवर पडलं. ती कोंडाबाई. नाव नंतर कळलं. तिशीची, काळीसावळी, कडेवर पोर.

"हात कावून लावतो बे?" ती ओरडली. "पाणी मागाया आलोत, दरोडा न्हाई घालाया."

"ये पीने का पानी नहीं है, बाई. देव का काम का है."

"आमाला प्यायला कुटं पायजे? जनावराला पायजे." ती मान वळवून म्हणाली. तिच्या कडेवरचं पोर मात्र हौदाकडे बघत ओठ चाटत होतं. आमच्या हौदातलं, चामड्याच्या पखालीतलं पाणी कुणब्याच्या घरात चालत नव्हतं, म्हणून सगळ्या बाया तेच म्हणत होत्या, जनावराला पायजे. आणि सगळ्यांच्या मडक्यांना पिण्याच्या पाण्याचं फडकं बांधलेलं होतं.

राजय्या पाळक आले, बा आला, मंडळी जमली. कुणी म्हणे चार घागरी द्या, कुणी म्हणे एकीला दिलं की सगळं गाव येईल. माय माझा हात सोडून पुढे गेली. झाकण नसलेल्या हौदाच्या इतक्या जवळ गेलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

"अरुळप्पादादा, हे पाणी कुणासाठी भरलंय?"

"तुम्हारे वास्ते, अम्मा. और किसके वास्ते?"

"मग माजंच हाय न्हवं? माजं मी देते. सरा."

अरुळप्पांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक बाजूला झाले. ठरलं असं की अर्धं द्यायचं, अर्धं ठेवायचं. मी पायरीवर उभी राहून मोजू लागले. पण अर्धं झालं तेव्हा रांगेत एक म्हातारी होती, तिला नाही म्हणायला कुणाची जीभ उचलेना. तिच्या मागे दोन पोरी होत्या. त्यांच्या मागे आणखी कुणी. माय प्रत्येकीची घागर स्वतः बुडवून देत होती, मनगटापर्यंत हात पाण्यात घालून. लिंबापलीकडे ती जनावरांसाठीची मडकी लेकरांच्या तोंडाला लागत होती, तिकडे आम्ही कुणी पाहिलं नाही. एक्याण्णव घागरी मी मोजल्या. मग खरोखरच गुरं आली आणि मी मोजणं सोडलं.

सगळं निवळलं तेव्हा हौदाच्या तळाशी पाणी उरलं होतं. मी पट्टी नसल्यानं हात घालून पाहिलं. एक वीत, त्यालाही दोन बोटं कमी. मंडळी हौदाभोवती उभी होती. मायनं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अकरा वर्षं भीतीनं अडवलं, आणि भीती संपली त्या दिवशी पाणी संपलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लांबचा टांगा चुकलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा झाला होता.

अरुळप्पा हळू म्हणाले, "परसों हम जाते. अम्मा को मेजपर बिठाओ, साब. बाद में बारिश में डुबाओ." शिस्तीच्या माणसानं हे म्हणावं याचं मला नवल वाटलं. पण पाळकांनी नकाराची मान हलवली. "आधी पाणी. मग मेज. तुमचाच नियम, अरुळप्पा." मग ते चपला काढून हौदात उतरले. पाणी त्यांच्या पोटरीला अर्ध्यावर लागलं. "झोपली तर होईल," ते म्हणाले. "लक्ष्मीबाई, झोपशील?"

माय म्हणाली, "रूथला माजं डोस्कं धरू द्या."

असं कधी झालं नव्हतं, पण पाळक हो म्हणाले. मी उतरले. माय पाण्यात बसली, मग मागे कलली, तिचं डोकं माझ्या तळहातांवर. पाळकांनी बाप्तिस्म्याचं वाक्य तिन्ही भाषांत म्हटलं, नेहमीसारखं, तेलुगू, तमिळ आणि शेवटी मराठी. मी हात तळाला टेकवले. पाणी तिच्या कानांवर आलं, गालांवर आलं, मिटलेल्या डोळ्यांवर आलं. केस चहूकडे पसरले. काठावर तिन्ही भाषांतलं गाणं सुरू झालं होतं आणि मला ते फार लांबून येत असल्यासारखं वाटत होतं. पाण्याखाली मायचं तोंड लहान मुलीसारखं दिसत होतं. मला त्या क्षणी कळत नव्हतं की मी तिला धरलंय की ती मला. मग तिला वर काढलं. गाणं संपलं, तेलुगू सूर मागे उरला, तोही संपला.

अरुळप्पांनी घसा खाकरला. "साब, नाक?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. "रूथ, तू जवळ होती. सगळी बुडाली का?"

छत्तीस माणसं त्या दिवशी काठावर होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणाले असते तर कुणी तपासायला येणार नव्हतं. ओल्या लुगड्यात माय माझ्या शेजारी काकडत उभी होती आणि मंदिरात मेजावर तिची भाकरी फडक्यात होती. मी आयुष्यात तेवढा वेळ कुठल्याच उत्तराला लावला नाही. शेवटी म्हणाले, "नाकाचा शेंडा वर राहिला. आणि कपाळ, रुपयाएवढं."

कुणीतरी तेलुगूत सुस्कारा टाकला. बानं तोंड फिरवलं. पाळक पुन्हा मायला धरायला वाकले, पण वीतभर पाण्यात उताण्या माणसाचं नाक किती वेळा बुडवलं तरी वरच राहणार हे सगळ्यांना दिसत होतं. इतकी शहाणी माणसं होती, पण उताणंच पुरायचं या सवयीपुढे कुणाचं डोकं चालेना. माझंही नाही.

"किती ऱ्हायलं म्हंतीस?" मायनं मला विचारलं.

"अर्धं बोट."

तिनं एकदा आभाळाकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात तळाला टेकवले, आणि कुणी काही म्हणायच्या आत पालथी होऊन तिनं सगळं तोंड पाण्यात घातलं. कपाळ, नाक, तोंड, हनुवटी. जी बाई ओंजळीला भीत होती ती. बा ओरडला, "अगं ए!" मी मोजत होते. एक. दोन. तीन. बुडबुडे आले. सात झाले तेव्हा ती उसळून वर आली, नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकत, केस तोंडावर.

"झालं का आता?" ती म्हणाली.

पाळकांनी अरुळप्पांकडे पाहिलं. अरुळप्पा काठी टेकून पुढे आले. त्यांना खरोखरच अडचण पडली होती, ते मुद्दाम अडवत नव्हते. "पहले पीछे का, बाद में आगे का. ये दो हुआ, साब. बाप्तिस्मा एकच होना. दो नहीं चलता."

"दोन कुठं, बटलर? अर्धा अन् अर्धा," बा म्हणाला.

"आधा बाप्तिस्मा किधर लिखा है?"

यावर वाद सुरू झाला. तीन भाषांत. तारबाबू म्हणाले, वरच्यांना पत्र लिहून विचारू. एक मोतद्दार म्हणाला, उत्तर येईपर्यंत आपण दोनशे कोस लांब असू. माय हौदातच उभी, दात वाजत होते. तेवढ्यात कुसावरून आवाज आला. कोंडाबाई पोर कडेवर घेऊन तिथंच उभी होती, सकाळपासून सगळं बघत.

"भाकर पालटली म्हून दोन होत्यात व्हय ओ?" ती म्हणाली. "एका अंगानं भाजती, मंग दुसऱ्या. येवढी मान्सं हायती, कुनी चुलीम्होरं बसलंच न्हाई का?"

आधी तेलुगू बायांना कुणीतरी अर्थ सांगितला आणि त्या हसल्या. मग सगळेच हसले. अरुळप्पा, ज्यांनी आयुष्य भट्टीपुढे काढलं, काठीकडे बघत राहिले आणि त्यांचा कोट हलायला लागला. पाळकांनी तिथंच, हौदाच्या काठावर, मत घेतलं. छत्तीसांतले पस्तीस हात वर. अरुळप्पांचा नाही. "हम हसा, पर हात नहीं उठाया. लिखो," ते मला म्हणाले. मी लिहिलं आहे.

मंदिरात मायला दाराजवळच्या सतरंजीवरून उठवून तेलुगू बायांच्या रांगेत बसवलं. कुणीतरी तिच्या खांद्यांवर घोंगडी टाकली होती. केसांतून थेंब पडत होते. ताट घेऊन अरुळप्पाच आले. ते इतरांपुढून चालत गेले, तिच्यापुढे थांबले. "लो अम्मा. तुम्हारीच है." तिनं तुकडा उचलला, तोंडात टाकला, हळू चावला. मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे भरतील असं वाटलं. तिनं कपाळाला आठी घातली आणि शेजारच्या मोतद्दारणीला कुजबुजून म्हणाली, "मीठ न्हाई की गं यात! अकरा वर्सं कुनी बोललं कावून न्हाई?"

मंगळवारी रिसाला गेला. गाड्या, घोडे, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, आणि धुळीत मागे उरलेला तो एक लांब सूर. मोतद्दारणी गाड्यांतून गात होत्या, आणि आम्ही वेशीपर्यंत आमच्या शब्दांत गात गेलो. पुढच्या रविवारी मी हजेरी घेतली तेव्हा वीस आली: अठरा मराठी, दोन तेलुगू. तारबाबूंची बदली त्याच आठवड्यात झाली होती. पुढे मंडळी पुन्हा वाढली. युसूफ वडगावकडून कुटुंबं आली, एक लिंगायत शिक्षक आले, दवाखान्यात एक तमिळ नर्स आली. परवा मी मोजले तर एकशे बारा होते. कडव्याच्या शेवटी मात्र आता सगळे एकदमच थांबतात, आणि मला अजूनही वाटतं की काहीतरी राहिलं.

त्या हौदाचा हिशोब असा. महबूब भिश्त्याला चौदा पखालींचे साडेतीन रुपये सोमवारी सकाळी दिले. आठ आणे उरले. फुटलेल्या मडक्याचे पैसे अरुळप्पा स्वतःच्या खिशातून देत होते, पण पाळक म्हणाले, काठी मंडळीच्या दारात उगारली, मडकं मंडळीनं भरून द्यावं. मडक्याचे दोन आणे धरले आणि मी आणि माय लिंबाखाली गेलो. त्यांच्या गाड्या जुंपून झाल्या होत्या. मायनं दोन आणे पुढे केले. कोंडाबाईनं एक उचलला आणि एक मायच्या तळहातावर परत ठेवला. "जुनंच व्हतं. पाझरायचं," ती म्हणाली. "एकच बस्स." वहीत नोंद आहे: कोंडाबाई, मडक्याबद्दल, एक आणा. पावला.